छकुलीचा डावा हात

१

छकुलीला चालवायला तीन माणसं लागत. उंचीने पाच वर्षांच्या पोरीएवढी, अंगाने निव्वळ लाकूड, आणि नखरे असे की नवी नवरी परवडली. मान आणि उजवा हात मास्तरांकडे, डावा हात काकांकडे, पाय वहिनीकडे. मास्तर म्हणजे बाहुल्यांच्या कंपनीचे मालक, वहिनी त्यांची बायको, आणि काका त्यांचे सख्खे चुलते. वहिनीला सगळेच वहिनी म्हणत. तिकीट खिडकीवरची बाई तिच्या आईच्या वयाची होती, तीसुद्धा.

"बावीस वर्षं नवऱ्याच्या पायाशी काढली हो," असं वहिनी थट्टेने सांगायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पाय चालवणाऱ्याने अख्खा खेळ उकिडवं बसून, सरकत सरकत करायचा. दोन्ही हात छकुलीच्या लाल बुटांच्या टाचांना आणि मान खाली. बावीस वर्षांत तिने आपल्याच कंपनीचा खेळ कधी पाहिला नव्हता. तिला दिसत ते बूट, स्टेजच्या फळ्या, आणि दोन्ही अंगांना पुरुषांच्या काळ्या झग्यांच्या कडा.

तिघंही काळे झगे घालत, तोंडावर काळी जाळी ओढत. आणि एकदा काळं घातलं की सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम लागू होई: आता आपण नाही. जो नाहीच, त्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याच्याकडे कोणी बघत नाही, त्याला कोणी मोजत नाही. मास्तर श्वास घेत, त्या श्वासावर बाकीच्या दोघांनी चालायचं. शेजारी कोण आहे ते बघायला मान वळवलीत की बाहुली त्या क्षणी लाकूड होते, असं सासरे म्हणत. म्हातारा कडक होता, पण बोलायचा ते बरोबर.

यंदाचा हंगाम सहकुटुंब प्रयोगांचा. बारा रविवार, सकाळी अकरा आणि दुपारी चार. खेळ जुनाच, आणि साधा. छकुलीचं मांजर हरवतं, ती कंदील घेऊन शोधायला निघते, विहिरीत डोकावते, आणि मांजर शेवटी घरातच सापडतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. विहिरीच्या प्रवेशाला दिवे जात. दहा सेकंद मिट्ट काळोख, आणि छकुलीच्या डाव्या हातातला तेवढा कंदील. तिघांनी तेव्हा गुडघ्यांवर बसायचं, आणि बसताना काकांचा गुडघा वाजायचा, अक्रोड फोडल्यासारखा. वहिनीला त्या आवाजाची इतकी सवय की तो वाजला की ती मनातल्या मनात म्हणायची, चला, अर्धा खेळ झाला.

शेवटी तिघांनी हात धरून पुढे यायचं आणि एकेकाने जाळी वर करायची. पोरं गळा फाडून मोजत, "पहिला! दुसरा! तिसरा!" अलीकडे मात्र काका गुडघ्यापायी नमस्काराला थांबत नसत. खेळ संपला की अंधारातूनच विंगेत सटकायचे. पोरं "तिसरा! तिसरा!" ओरडत राहायची आणि मास्तर हसून म्हणायचे, "तिसरा पळाला मांजर शोधायला."

पहिल्या रांगेच्या टोकाच्या खुर्चीत चिमणी असायची. मास्तरांची आणि वहिनीची लेक, नऊ वर्षांची, तेरा वर्षं वाट पाहून झालेली. नमस्काराला दिवे लागले की वहिनी सगळ्यात आधी त्या खुर्चीकडे बघायची. तिचा जीव सगळा तिथे.

२

चौथ्या रविवारी दुपारच्या खेळाला काकांचा गुडघा वाजला नाही.

दिवे गेले, तिघं खाली बसली, वहिनी सवयीने त्या आवाजाची वाट बघत राहिली आणि आवाज आलाच नाही. बरं झालं, तिने मनात म्हटलं, त्या नव्या तेलाचा गुण आला म्हणायचा. कंदीलही आज काय सुरेख धरला होता! एरवी खाली बसताना काकांचा हात थोडा थरथरायचा. आज फळ्यांवर पडलेला उजेडाचा गोल जागचा हलला नाही.

खेळ संपला. पोरांचा दंगा ओसरला. रंगपटात वहिनी जाळीच्या पिना काढत होती, तेवढ्यात फोन वाजला. काका होते.

"सूनबाई, कसा झाला गं खेळ? डाव्या हाताचं काय केलंत? कमरेला बांधलात ना?"

"म्हणजे?" वहिनी म्हणाली. "काका, तुम्ही कुठून बोलताय?"

"घरून. कुठून म्हणजे काय? सकाळचा खेळ उरकून आलो आणि गुडघा हा असा सुजला, भोपळा नुसता. दारावरच्या माणसाकडे निरोप नव्हता का दिला मी? दुपारी येत नाही म्हणून?"

दारावरच्या माणसाला विचारलं, तर त्याने जीभ चावली. "अगाई गं! विसरलोच की वहिनी. पण खेळ झाला ना झकास? मी मागनं बघितला की थोडा."

"किती जणं होतो आम्ही?"

"आता ते काय मोजायचंय? असता तेवढे होता."

वहिनी काकांच्या कोपऱ्यात गेली. काका पडद्याआड कपडे बदलत आणि तिसऱ्या घंटेनंतर अंधारात थेट जागेवर येऊन उभे राहत, त्यामुळे ते आले की नाही हे कोणी बघायला जात नसे. त्यांचा झगा खुंटीवर होता. तिने त्याला हात लावला. सकाळच्या घामाने तो पाठीवर अजून किंचित दमट होता, पण वर घडी घातलेला पंचा टाकलेला होता, काका घरी जाताना टाकत तसा.

३

"अहो, डावा हात कोणी चालवला?"

मास्तर पॉलिशपेपरने छकुलीची बोटं घासत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "कोणी म्हणजे? लोंबकळत असेल. खांदा हलला की हातही हलतो."

"आणि कंदील?"

"कंदील अडकला असेल मनगटात."

"लोंबकळणाऱ्या हातातला कंदील खाली असतो. उजेडाचा गोल माझ्या डोळ्यांसमोर होता. हाताच्या कांकणाला आरसा कशाला?"

"तू पाय बघतेस की उजेड?" मास्तर हसले, पण ते हसणं ओठांपुरतंच होतं. "तुला काय, भूत लागलं तेही डावखुरं?"

वहिनी जाळीच्या पिना डबीत टाकायला लागली. बोलून बोलून हा माणूस आणखी मिटतो हे तिला पाठ होतं. थोड्या वेळाने मास्तर आपणहून बोलले, पॉलिशपेपर थांबवून.

"खरं सांगू? डावा हात इतका सुंदर मला आयुष्यात लागला नव्हता. मी श्वास घ्यायच्या आत तो निघायचा. मला वाटलं काका रंगात आलेत."

"वळून बघितलं नाहीत?"

"काळ्यात होतो ना मी," मास्तर म्हणाले.

तिला त्या वेळी असा राग आला नवऱ्याचा! आणि लगेच आठवलं की वळून तर आपणही बघितलं नाही.

४

माणसाचं डोकं मोठं लबाड असतं. त्याला भिऊन राहणं परवडत नाही, ते एखादं कारण हुडकतंच. वहिनीला कारण बुधवारी सापडलं, चिमणीच्या कपाटात, शाळेच्या जुन्या पुस्तकांमागे. काळा झगा. काकांचाच फाटका झगा कापून, वेड्यावाकड्या टाक्यांनी लहान केलेला, सोबत जाळीचा तुकडा.

वहिनीने झगा पलंगावर पसरला आणि चिमणीला हाक मारली.

"हे काय आहे?"

चिमणीचे कान लाल झाले. "काकाआजोबांनी दिलाय. ते मला डावा हात शिकवतात. कोणाला सांगू नकोस म्हणाले."

"आणि रविवारी हा घालून तू स्टेजवर आली होतीस. खरं सांग."

चिमणीने मान खाली घातली, मग हलवली. "हो. ओरडू नकोस ना गं."

ओरडायचं कुठलं? वहिनीचा जीव भांड्यात पडला. तिने पोरीला मिठीत घेतलं, पाठीत एक हलका धपाटा घातला, पुन्हा मिठीत घेतलं. नऊ वर्षांच्या पोरीचा गुडघा वाजेलच कसा? हात थरथरेलच कसा? चार दिवस आपण कशाकशाला भ्यायलो, म्हणून तिचं तिलाच हसू आलं. आणखी काही विचारायला हवं होतं हे तिला सुचलंच नाही. हवं ते उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न कोण विचारतं?

मास्तर तर उडालेच. "बघ, रक्तातच आहे! म्हटलं ना, डावा हात कधी लागला नव्हता असा. तिच्या डाव्या हातचा मळ आहे तो." आणि ठरलं. काकांना दवाखान्यात ठेवलं होतं, गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, ते हंगामात परत येणार नव्हते. येत्या रविवारपासून डावा हात चिमणीचा.

शुक्रवारी वहिनी डबा घेऊन काकांना भेटायला गेली. ऑपरेशन झालं होतं. गुंगीत होते, पाय उंच बांधलेला, ओठ कोरडे. तिने चमच्याने पाणी पाजलं आणि चिमणीची चोरी पकडल्याचं हसत हसत सांगितलं. काका हसले नाहीत.

"सूनबाई, कंदील तूच धरायचीस ना?"

"कोणता कंदील?"

"विहिरीच्या वेळी. वर्ष झालं, गुडघा टेकताना मला तोल सांभाळायला हात जमिनीवर ठेवावा लागतो. मी छकुलीचा हात सोडूनच द्यायचो. कंदील वरच राहायचा. मी म्हणायचो, गुणाची सून, न सांगता धरते."

वहिनीचे दोन्ही हात बुटांच्या टाचांना असत. हे काकांनाही ठाऊक होतं. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण नर्स आली, तिने सुई टोचली, आणि म्हणाली की औषधांनी माणूस काहीबाही बोलतो, मनावर घेऊ नका.

"हो काका, मीच धरायचे," वहिनी म्हणाली. आजारी माणसाशी वाद कशाला घालायचा?

५

शनिवारी दुपारी तिने चिमणीचा झगा नीट शिवून दिला. काळा दोरा अर्ध्यात संपला, तेव्हा उरलेली कड निळ्या दोऱ्याने शिवली. अंधारात कोण बघतंय?

रविवारी सकाळी चिमणीने छकुलीचा डावा हात स्वतः घासून घेतला आणि डाव्याच तर्जनीत कुसळ भरवून घेतलं. वहिनीने सुईने ते काढलं, फुंकर घातली, बोटाला औषधाची पट्टी चिकटवली. पट्टीच्या टोकाला एक बारीक घडी पडली. पोरगी इतकी उड्या मारत होती की ती सरळ करता आली नाही.

"आता टाळी वाजवताना दुखेल," चिमणी म्हणाली.

"तुला कशाला टाळी वाजवायचीय? आज टाळ्या तुझ्यासाठी आहेत."

पहिली घंटा झाली. हॉल भरला होता, पडद्याआडून पोरांचा कलकलाट येत होता. दुसरी घंटा झाली. विंगेत तिघं उभी राहिली. मास्तरांनी छकुलीला उचललं, तिची मान त्यांच्या बोटांवर आली आणि ती नेहमीसारखी इकडेतिकडे बघायला लागली. चिमणीने जाळी तोंडावर ओढली आणि वहिनीचा झगा खाली खेचला.

"आई, आज ते बाजूला होतील ना?"

"कोण?"

"डावीकडचे. त्या दिवशी काकाआजोबा घरी गेले म्हणून मी आले, तर जागाच नव्हती. मला वाटलं काकाआजोबाच परत आले. मग मी परत जाऊन खुर्चीत बसले."

तिसरी घंटा झाली.

"अहो," वहिनी म्हणाली, "थांबा, अहो," पण मास्तरांच्या तोंडावर जाळी होती, ते आता नव्हते. त्यांनी श्वास घेतला आणि चालायला लागले. पडद्याची दोरी सरकल्याचा आवाज आला. समोर तीनशे पोरं एकदम गप्प झाली. पाय हलले नाहीत तर छकुली तोंडावर आपटणार होती, आणि बावीस वर्षांची सवय माणसाला विचारायला थांबत नाही. वहिनी खाली बसली, बुटांच्या टाचा धरल्या, आणि गेली.

६

तिने ठरवलं, वर बघता येत नाही तर खाली बघू. डाव्या अंगाला झग्याची कड होती, कडेला निळा दोरा होता, आणि त्याखाली चिमणीचे कापडी बूट. छोटे छोटे, एकमेकांना चिकटून. आहे. माझी पोर आहे.

छकुलीने मांजराला हाक मारली. निळा दोरा. छकुली पलंगाखाली वाकली. निळा दोरा. पोरं हसली, कुठलंसं बाळ रडलं. छकुलीने कंदील घेतला, तेव्हा चिमणीची थोडी धांदल झाली, कंदील कचकन हलला, आणि वहिनीला त्या धांदलीचं काय बरं वाटलं! पुरे झालं, तिने स्वतःला बजावलं. पोरगी त्या दिवशी घाबरली असेल, काळोखात काकांचा झगाच दिसला असेल कुठे टांगलेला. मुलं काय, एकाचे दोन करून सांगतात. खेळ संपू दे, नीट विचारते.

विहीर आली. दिवे गेले.

मास्तर गुडघ्यांवर बसले, वहिनी बसली. डावीकडे कापड सळसळलं. कंदिलाचा गोल फळ्यांवर पडला, एकदा थरथरला आणि मग थांबला, भिंतीवर खिळ्याने ठोकल्यासारखा. वहिनी मोजायला लागली. नियम मोडून, ओठ हलवत. एक, दोन, तीन. सहाला तिच्या पाठीमागून बारीक पावलांचा आवाज गेला, कापडी बुटांचा, स्टेजच्या पायऱ्यांकडे. आठ, नऊ. कंदील हलला नाही.

दिवे आले. डाव्या अंगाला झग्याची कड होती. काळी, सरळ, जमिनीला टेकलेली.

निळा दोरा नव्हता.

घडी पडली असेल, ती मनात म्हणाली. दुसरी बाजू असेल, निळा दोरा सगळीकडे कुठे होता? अर्ध्याच कडेला तर होता. मांजर सापडलं. छकुलीने डावा हात हलवून पोरांचा निरोप घेतला. किती गोड हलवला असेल, कारण हॉलमध्ये सगळ्यांनी एकदम "आऽऽ" केलं.

७

मास्तरांनी छकुलीला स्टुलावर बसवलं. अर्धा उजेड होता. तिघांनी हात धरायचे आणि पुढे यायचं. वहिनीच्या उजव्या हातात मास्तरांचा हात आला, खरखरीत, ओळखीचा. मग डाव्या हातात दुसरा हात आला.

लहान होता. कोमट होता, थोडा घामेजलेला. तर्जनीला पट्टी होती, आणि पट्टीच्या टोकाला ती बारीक घडी.

देवा! वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. जाळीच्या आत ती हसली, तो हात तिने दाबला, अंगठ्याने ती घडी पुन्हा पुन्हा चाचपली. तिघं तीन पावलं पुढे आली. टाळ्या सुरू झाल्या, हॉलचे दिवे लागले.

"पहिला!" मास्तरांनी जाळी वर केली.

"दुसरा!" वहिनीने मास्तरांचा हात सोडून जाळी वर केली, आणि दर रविवारच्या सवयीने आधी टोकाच्या खुर्चीकडे बघितलं.

चिमणी खुर्चीत बसली होती. अंगात काळा झगा, जाळी केसांवर ढकललेली, गुडघ्यांवरच्या कडेला निळा दोरा. चेहरा पांढरा पडला होता, पण ती रडत नव्हती. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून तीही वाजवत होती. उजव्या तळव्याने, खुर्चीच्या लाकडी दांडीवर. डावी बाही तिच्या मांडीवर पडली होती, इस्त्री केल्यासारखी सपाट.

"तिसरा!" पोरं ओरडली. "तिसरा! तिसरा!"

"चल बेटा," मास्तर लाडाने म्हणाले, "कर जाळी वर."

वहिनीने मान वळवली नाही. नजर तेवढी खाली गेली, बावीस वर्षं जात होती तशी. काळ्या कडेखाली बूट नव्हते. फळ्या होत्या.

मग विंगेच्या बाजूने ओढ बसली. हळूच, काका नमस्कार चुकवून सटकायचे तशी. हातातली बोटं सैल झाली, निसटायला लागली. सोड, तिचं सगळं अंग सांगत होतं, सोड तो हात आणि पळ पोरीकडे. पण तो हात पोरीचाच होता. सकाळी तिनेच त्यावर फुंकर घातली होती.

तिने दुसऱ्या हातानेही तो मनगटाशी धरला, घट्ट, आणि टाचा फळ्यांवर रोवल्या. ओढ वाढली. समोर तीनशे पोरं तिसऱ्याची वाट बघत थांबली होती, आणि टोकाच्या खुर्चीतून दांडीवरची टाळी तेवढी ऐकू येत होती.